मुलगी सज्ञान झाली, सही कोणाची?

प्रश्न : माझी मुलगी २३ वर्षांची असून तिला सौम्य बौद्धिक दिव्यांगत्व आहे. कार्यशाळेत कागदी पिशव्या करून मिळणारे मानधन आपल्या खात्यात जमा व्हावे आणि ते आपणच काढावे, असा तिचा हट्ट आहे. बँकेने मात्र आधी पालकत्वाचा दाखला मागितला. नातेवाईकही तेच सुचवतात. आम्ही काय करावे?
– एक आई, सातारा

उत्तर : तिच्या मागणीला हट्ट म्हणू नका, एवढी विनंती आधी करतो, ती आपला हक्क मागते आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १३ नुसार मालमत्ता बाळगण्याचा, वारसा मिळवण्याचा आणि स्वतःचे आर्थिक व्यवहार सांभाळण्याचा अधिकार तिला इतरांइतकाच आहे. व्यवहारात मदत करणाऱ्याने तिच्यावर दडपण आणू नये, तिची स्वायत्तता व खासगीपणा जपावा, आणि एखाद्या व्यवहारात त्याचे स्वतःचे हितसंबंध गुंतले असतील तर त्या व्यवहारापुरते बाजूला व्हावे, असे हेच कलम सांगते. जमिनीच्या हक्कसोडपत्रावर बहिणीची सही घ्यायला निघालेल्या भावांनी हे जरूर वाचावे.

पालकाने खाते चालवायचे असेल, तर दाखल्याची मागणी समजण्याजोगी आहे. तुमची मुलगी मात्र खाते स्वतः चालवू इच्छिते. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खालील स्थानिक स्तर समितीलाही पालक नेमण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्या लागतात : या व्यक्तीला पालकाची गरज आहे का, आणि असल्यास कोणत्या कामांसाठी. मूल अठरा वर्षांचे झाले की पालकत्व घ्यायचेच, ही आपल्याकडची समजूत या कायद्याला धरून नाही. २०१६ च्या कायद्यातील मर्यादित पालकत्वही विशिष्ट निर्णयापुरते, विशिष्ट काळापुरते आणि त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार चालणारे असते. पुढे एखाद्या मोठ्या व्यवहारात पुरेशी मदत देऊनही तिला निर्णय घेता आला नाही, तर त्या वेळी त्याचा विचार करता येईल.

सध्या कलम १३ चा उल्लेख करून बँकेला लेखी अर्ज द्या. अर्ज मुलीच्या नावाने असावा, सोप्या मराठीत तिला वाचून दाखवावा आणि सही तिनेच करावी. बँकेत गेल्यावर प्रश्न तिला विचारले जाऊ द्या. उत्तराला वेळ लागला तरी तुम्ही मध्ये बोलू नका. नकार मिळाल्यास तो कारणासह लेखी मागा आणि त्याची प्रत जोडून दिव्यांग व्यक्तींसाठीच्या राज्य आयुक्तांच्या पुण्यातील कार्यालयाकडे तक्रार करा. तीही तिच्याच नावाने.