दाराआडचा खेळ : वाचकांचे प्रश्न

या वेळची बरीच पत्रं ‘द स्पायरेल्म’ (२०२४) या चिनी मालिकेवरून आली आहेत. ज्यांनी ती बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: खेळाडू व्हीआर खेळात (म्हणजे यंत्राने डोळ्यांसमोर उभ्या केलेल्या आभासी जगात) शिरतात आणि एकेक दार पार करतात. अशी बारा दारं. प्रत्येक दाराआड वेगळं जग आणि त्या जगाचा एक निषिद्ध नियम, जो कुणी आधी सांगत नाही. नियम मोडला की मरण, आणि खेळातलं मरण खऱ्या देहालाही भोवतं. बाहेर पडायचं तर किल्ली शोधायची आणि वाट शोधायची.

भाऊ, खरं सांगजा. ते डोक्याले लावाचं यंत्र घातलं अन् खेळात मेलं, तं माणूस खरंच मरू शकते का? आमच्या गावातले पोट्टे म्हणतात, मेंदूत करंट जाते.
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

नाही. बाजारातल्या व्हीआर हेडसेटमधून मेंदूकडे एकही तार जात नाही. आत दोन भिंगं, भिंगांमागे पडदा, कानाजवळ स्पीकर आणि डोकं किती वळलं-झुकलं हे मोजणारे जायरोस्कोप व ॲक्सिलरोमीटर, एवढाच संसार. चांगल्या यंत्राला बाहेरून कॅमेरेही असतात, त्यामुळे खोलीत तुम्ही कुठे उभे आहात हे त्याला कळतं. मान वळवल्यापासून चित्र वळेपर्यंत साधारण २० मिलिसेकंदांहून जास्त वेळ गेला तर मेंदूला गफलत जाणवते आणि मळमळायला लागतं. यंत्राची सगळी धडपड डोळ्यांना फसवायची. देहात काही सोडायची सोयच त्यात नाही.

‘खेळात मेला की खरंच मारणारा’ हेडसेट एकाने बनवला होता, हे मात्र खरं. व्हीआर हेडसेट बनवणाऱ्या ऑक्युलस कंपनीचा संस्थापक पामर लकी याने नोव्हेंबर २०२२ मध्ये तो जाहीर केला. त्यासाठी त्याला कपाळाच्या बाजूला तीन स्फोटकं बसवावी लागली. पडदा ठरावीक वेगाने लाल लुकलुकला की प्रकाश ओळखणारा भाग ती उडवणार, अशी रचना. तो हेडसेट स्वतः डोक्याला लावायची आपली छाती झाली नाही, असं त्यानेच लिहिलं. त्यातून एवढंच दिसतं की जीव घ्यायचा तर वेगळं शस्त्र जोडावं लागतं, नुसत्या हेडसेटने ते होत नाही.

खरा धोका साधा आहे आणि म्हणून त्याकडे दुर्लक्ष होतं. डोळे झाकलेला माणूस उंबऱ्याला अडखळतो, खाटेच्या खुरावर आपटतो, फिरत्या टेबलफॅनमध्ये हात घालतो. उभं राहून खेळायचं तर निदान २ मीटर बाय २ मीटर मोकळी जागा हवी, आणि वर हात केला तर आढ्याला किंवा पंख्याला लागता कामा नये. दुसरी गोष्ट मिरगीची. झपाट्याने लुकलुकणाऱ्या उजेडाने काहींना झटका येतो. आधी कधीच आला नव्हता अशांनाही येऊ शकतो. उत्पादकांच्या सूचनांत हे प्रमाण साधारण ४,००० जणांत एक असं दिलेलं असतं. घरात कुणाला मिरगी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हेडसेट लावू देऊ नका.

मूळ कादंबरीत म्हणे भुतं आहेत. मग मालिकेत यंत्र कुठून आलं?
— एक वाचक, मूल, जि. चंद्रपूर

मूळ चिनी कादंबरीतली दारं अमानवी आहेत, त्यात यंत्र नाही. चीनमध्ये दूरचित्रवाणी मालिकांसाठीच्या २०१० च्या नियमावलीत अंधश्रद्धा पसरवणाऱ्या मजकुराला मनाई आहे. भूत खरं दाखवता येत नाही, पण खेळात लिहिलेलं भूत दाखवता येतं. म्हणून दाराआडचं जग संगणकाने रचलेलं झालं.

फोन आत ठेवायचा डबा घेतला. चित्र दिसतं, पण मान फिरवली तरी ते हलत नाही. दहा मिनिटांत डोकं गरगरतं. डबा खराब निघाला का?
— अकरावीचा विद्यार्थी, वरोरा, जि. चंद्रपूर

डबा बहुधा चांगला असेल, उणीव फोनमध्ये दिसते. पुष्कळ स्वस्त फोनमध्ये ॲक्सिलरोमीटर असतो, जायरोस्कोप नसतो. फोन आडवा धरला की चित्र आडवं होतं ते पहिल्यामुळे. मानेबरोबर चित्र फिरायला दुसरा लागतो. डब्याबाहेरच तपासून घ्या. यूट्यूबवर कुठलाही ३६० अंशांचा व्हिडिओ लावा आणि फोन हातात धरून जागेवरच गोल फिरा. चित्र तुमच्याबरोबर सलग फिरलं तर जायरोस्कोप आहे. बोटाने सरकवल्याशिवाय हलतच नसेल तर नाही, आणि कोणतंही ॲप टाकून तो येणार नाही.

चित्र हलत नसताना गरगरतं, कारण मान वळल्याचं कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो आणि डोळा सांगतो काहीच वळलं नाही. पहिली मळमळ जाणवताच डबा काढा. ‘थोडं सहन केलं की सवय होते’ हे चुकीचं आहे. सहन केलं तर पुढच्या वेळी लवकर उमळतं. सुरुवातीला १० ते १५ मिनिटं, बसून, भरल्या पोटी नाही. समोरून पंख्याचा वारा घेतला तर बरं वाटतं. तोंड कोणत्या दिशेला आहे हे अंगाला कळत राहतं.

चित्र दुहेरी दिसत असेल तर भिंगं बघा. २०१४ मध्ये आलेल्या गुगल कार्डबोर्डच्या, म्हणजे अशाच पुठ्ठ्याच्या डब्याच्या, मूळ नमुन्यात २५ मिलिमीटर रुंदीची, ४५ मिलिमीटर नाभीय अंतराची (लांबच्या वस्तूचं चित्र भिंगापासून जेवढ्यावर स्पष्ट उमटतं ते अंतर) दोन भिंगं होती, आणि पडदा त्या अंतराच्या किंचित आत. तुमच्या भिंगाचं हे अंतर घरीच मोजता येतं: समोरच्या भिंतीवर खिडकीबाहेरच्या लांबच्या झाडाचं उलटं चित्र स्पष्ट पाडा आणि भिंगापासून भिंतीपर्यंत पट्टी लावा. मात्र भिंग सूर्याकडे धरू नका. दोन भिंगांच्या मध्यबिंदूंतलं अंतर तुमच्या डोळ्यांच्या बाहुल्यांतल्या अंतराइतकं हवं. मोठ्या माणसात ते सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असतं.

दिवाळीत गावातल्या जुन्या वाड्यात आमच्या मंडळाला असा खेळ करायचा आहे. हेडसेट नाही, नाटकाची हौस भरपूर. कसं रचावं?
— युवक मंडळ, ता. लाखांदूर, जि. भंडारा

हेडसेट नाही याची खंत नको. चीनमध्ये हा खेळ यंत्राशिवायच फोफावला. त्याला तिकडे ‘जुबेनशा’ म्हणतात: प्रत्येकाला एक पात्र, एक लेखी भूमिका आणि एक खून. नाटकवेड्या झाडीपट्टीतल्या माणसांना पात्रात शिरायला शिकवावं लागत नाही, ही तुमची जमेची बाजू. अडचण येईल ती रहस्याच्या बांधणीत, म्हणून त्यावर नीट सांगतो.

लिहायला शेवटाकडून बसा. आधी ठरवा की या घरात निषिद्ध काय. ते आपल्या मातीतलं आणि सगळ्यांच्या ओळखीचं असावं. उदाहरण घेऊ. घरातून निघताना ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावं, हे प्रत्येकाने लहानपणी ऐकलेलं असतं. तोच नियम ठेवा: खोली सोडताना जो दोनदा ‘जातो’ किंवा ‘जाते’ म्हणेल, तो मरेल. ‘येतो’ म्हणणारा वाचेल आणि ‘जाऊन येतो’ म्हणणाराही वाचेल. कोणती रूपं धरायची याची यादी सूत्रधाराने आधीच लिहून ठेवावी, नाहीतर भर खेळात वाद होतो. दारावरच्या चिठ्ठीवर एवढंच: ‘या घरातून गेला तो गेला. आला तो राहिला.’

आता पुरावे. खेळाडूला जे कळायला हवं त्या प्रत्येक गोष्टीसाठी तीन वेगवेगळे पुरावे ठेवा. एक सापडत नाही, दुसऱ्याचा अर्थ चुकतो, तिसरा तारतो. सपरीतल्या खुंटीवर पिशवी, पिशवीत मोठ्या मुलाची तीन पत्रं: दोन पत्रांच्या शेवटी ‘येतो’, तिसऱ्याच्या शेवटी ‘जातो’, आणि त्यानंतर एकही पत्र नाही. माजघरात आजीची हिशोबाची वही, तिच्यात एकच शब्द पुन्हा पुन्हा खोडलेला. तिसरा पुरावा खेळाडू स्वतः तयार करतात. कुणी पहिल्यांदा ‘जातो’ म्हणालं की आतून बैलाची घाटी वाजते. तोच माणूस दुसऱ्यांदा म्हणाला की मेला. मग सूत्रधार पाटीवर लिहितो: ‘८.२५, मी न्हाणीकडं जातो.’ अशा तीन ओळी पाटीवर जमल्या की कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडतो, आणि तो क्षण बघण्यासारखा असतो. घाटी ठेवलीच पाहिजे. कारण न कळता मेलेला खेळाडू चिडतो आणि ते बरोबरच आहे.

किल्ली कुलूपबंद पेटीत ठेवा. तीन आकड्यांचं कुलूप घेऊ नका. त्यात एकूण १,००० जोड्या. एकेकीला दोन सेकंद धरले तरी कुणीतरी कोपऱ्यात बसून अर्ध्या-पाऊण तासात ते उघडतं आणि तुमची सगळी मेहनत वाया. चार आकड्यांचं घ्या. पहिल्या दोन पत्रांच्या तारखा, दोन-दोन आकड्यांच्या, मिळून चार आकडे. तिसऱ्या पत्रावर तारीख घालू नका.

सात-आठ खेळाडू, एक सूत्रधार, त्याचा एक मदतनीस आणि अडीच तास एवढं पुरे. त्यातली २० मिनिटं भूमिका वाचायला द्या. दिशाभूल करणारे धागे दोनच ठेवा. पाच ठेवले तर खेळाडू मूळ रहस्याकडे वळतच नाहीत. मेलेल्याला घरी पाठवू नका. त्याला साक्षीदार करा आणि प्रत्येक जिवंत खेळाडूच्या एका ‘हो-नाही’ प्रश्नाचं उत्तर त्याला द्यायला लावा. एकच हुशार पोरगा सगळ्या चिठ्ठ्या खिशात घालून हिंडतो, हे हमखास होतं. म्हणून सापडलेला पुरावा मोठ्याने वाचून पाटीजवळ ठेवायचा, असा नियम घाला. रहस्य माहीत नसलेल्या दोघांवर आठ दिवस आधी रंगीत तालीम करा. ते जिथे अर्धा तास अडकतील तिथे पुरावा कमी पडला असं समजा.

वाड्याचं म्हणाल तर तिथे हयगय नको. हात नजरेच्या आधी जाईल अशा जागी काही लपवू नका: तुराट्यांचा ढीग, कोठ्यातला कडबा, कणगीच्या मागची फट, अंधारा कोनाडा. मण्यार रात्रीच हिंडते आणि तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही. सगळ्या वस्तू गुडघ्याच्या वर आणि डोक्याच्या खाली ठेवा, आणि खेळाच्या तासभर आधी टॉर्च घेऊन कोनाडे तपासा. दोन दारं उघडी हवीत, कडी कुणीही लावायची नाही. विहिरीवर झाकण असावं आणि शेजारी एक माणूस उभा करावा. घरात कापूस भरलेला असेल तर कंदील-मेणबत्ती बंद, फक्त बॅटरीचे दिवे. १०८ चा नंबर आणि जवळच्या ग्रामीण रुग्णालयाचा रस्ता मदतनिसाला पाठ हवा. चीनमध्येही जून २०२२ मध्ये पाच सरकारी विभागांनी अशा खेळघरांसाठी नियम काढले, त्यात सुरक्षेवर भर आहे आणि लहान मुलांना जुबेनशाला फक्त सुटीच्या दिवसांत प्रवेश आहे.

आणखी एक, आग्रहाने. खेळात चेटकीण ठेवलीच तर ती गावातल्या कुठल्याही खऱ्या बाईसारखी वाटता कामा नये: ना नावाने, ना घराने, ना लुगड्याने. आपल्याकडे संशयावरून बायकांचे हाल झाले आहेत, आणि २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तोही गुन्हा ठरवला आहे. भगत, अंगात येणं, लिंबू-बिबा हे सगळं बाजूला ठेवा. शब्दाची भीती पुरेशी आहे.

पाचवीच्या मुलांना शाळेत हेडसेट दाखवावा का?
— एक शिक्षिका, ता. धारणी, जि. अमरावती

हेडसेट बनवणारी मेटा कंपनी आई-वडिलांच्या देखरेखीखालच्या खात्यावर १० वर्षांपासून परवानगी देते, सोनीची मर्यादा १२ आहे. वर्गात दहाच्या आतलं एखादं मूल असतंच, तेव्हा पाचवीला नको. शिवाय लहान मुलांच्या बाहुल्यांतलं अंतर कमी असतं, बऱ्याच हेडसेटची भिंगं तेवढी जवळ येत नाहीत आणि डोळे ताणतात.

पुतण्याने परदेशातून हेडसेट आणला. सांदवाडीकडच्या खिडकीत ठेवला होता. आता चित्रात मधोमध पिवळट डाग दिसतो. पुसूनही जात नाही.
— एक वाचक, आर्वी, जि. वर्धा

डाग भिंगावर नाही, पडद्यावर आहे, म्हणून पुसून जात नाही. लहानपणी भिंगाने कागद जाळतात तसंच झालं: खिडकीतलं ऊन भिंगातून शिरलं आणि पडद्यावर एका ठिपक्यात एकवटलं. त्याला काही मिनिटंही पुरतात. पडदा बदलण्याखेरीज इलाज नाही, आणि त्याचा सुटा भाग मिळणं कठीण. डाग लहान असेल तर तसाच वापरता येईल.

पुढे त्रास नको म्हणून भिंगांवर जाड सुती फडकं घाला, भिंगांची बाजू खाली ठेवा आणि हेडसेट कपाटात ठेवा. मेटाच्या सूचनेत वापरासाठी कमाल तापमान ३५ अंश सेल्सिअस आहे; तुमच्याकडे मे महिन्यात घरातही एवढं असतं. तेव्हा उन्हाळ्यात पहाटे खेळा. चार्जिंग लावून खेळू नका, आणि गरम झालेला हेडसेट लगेच चार्जिंगला लावू नका. कूलरच्या थेट झोतातही नको. दमट वाऱ्याने भिंगावर वाफ धरते. ती कोरड्या, मऊ मायक्रोफायबर कापडाने आतून बाहेर गोल पुसा. पदराने किंवा रुमालाने पुसलं तर त्यातली धूळ भिंगावर चरे पाडते. सॅनिटायझर अजिबात लावू नका.