थायरॉईड जास्त काम करतं म्हणून कार्बिमाझोल ही गोळी सुरू केल्यापासून आईचे सांधे दुखतात; ती विड्या वळते. गोळी सोडून किरणोत्सारी आयोडीनचा डोस द्यावा का?

गोळी परस्पर बंद करू नका, पण सांधेदुखीचं डॉक्टरांना एक-दोन दिवसांतच सांगा, कारण ती त्या गोळीमुळेही असू शकते. मी सोलापुरात फार्मासिस्ट आहे. कार्बिमाझोलच्या दुष्परिणामांत सांधेदुखी येते, आणि बरेच सांधे एकदम सुजले तर डॉक्टर सहसा ही गोळी थांबवून आयोडीनचा डोस किंवा ऑपरेशन सुचवतात. त्या दोन्हींनंतर बहुधा आयुष्यभर थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईडची कमतरता भरून काढणारी गोळी, घ्यावी लागते. आईंचे डोळे पुढे आले असतील तर आयोडीनने ते दुखणं वाढू शकतं, म्हणून डोळे आधी दाखवाच. तोवर ठणक्याला पॅरासिटामॉल चालेल, अ‍ॅस्पिरिन मनाने देऊ नका. गोळीचा डोस जास्त होऊन थायरॉईड खाली गेला तरी अंग दुखतं, तेव्हा टी३, टी४, टीएसएच या थायरॉईडच्या रक्ततपासण्या पुन्हा करून घ्या. आई विड्या वळतात असं तुम्ही लिहिलंय. नुसती बोटं आणि मनगटंच दुखत असतील तर त्या कामाचा ताणही असू शकेल.

मात्र ताप आला, घसा दुखला किंवा तोंडात फोड आले तर वाट पाहू नका: गोळी लगेच थांबवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची तपासणी, करा. या गोळीमुळे पांढऱ्या पेशी धोकादायक इतक्या घटलेल्या असू शकतात.