तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : ‘मौला जट्ट’ नक्की आहे काय? फवाद खानचा तो पिक्चर आणि जुना, एकच का? - एक वाचक, सांगली

उत्तर : नाही हो, दोन वेगळे. जुना १९७९ चा, लाहोरच्या पंजाबी इंडस्ट्रीतला, डायरेक्टर युनूस मलिक, रायटर नासिर अदीब. जट्ट आणि नत्त या दोन घराण्यांचं वैर, हातात गंडासा, म्हणजे लांब दांड्याला जाड पातं, मुळात गुरांचा चारा तोडायचं हत्यार, इथे माणसं तोडायला काढलंय. मूळ बीज अहमद नदीम कासमींच्या ‘गंडासा’ कथेत आहे.

सुलतान राही मौला झालाय आणि तो बोलतो म्हणजे गर्जतोच, पण खरी मजा (आमच्या मते तरी) मुस्तफा कुरेशीच्या नूरी नत्तची, कारण हा बाबा तोडीस तोड दुश्मन शोधत फिरतो आणि आवाज मुद्दाम खालचा, निवांत, त्यामुळे समोरचा ओरडतोय आणि हा हसतोय, असली जुगलबंदी आहे. मारामारी म्हणाल तर तीच ती.

पाकिस्तानचा लष्करशहा झिया उल हकच्या काळात त्यावर बंदीही आली, तरी पिक्चर तुफान चालला आणि मग पुढची कित्येक वर्षं तिकडे गंडासा घेतलेल्या हीरोंची रांगच लागली.

फवादचा २०२२ चा, डायरेक्टर बिलाल लाशारी, चकाचक. २०२४ मध्ये भारतात लागणार होता, पण मनसेने महाराष्ट्रात लागू देणार नाही म्हणून सांगितलं आणि शेवटी देशातच कुठे लागला नाही. पाहायचाच तर जुना आधी पाहा, प्रिंट भुरकट असली तरी.