वाय-फायचा पासवर्ड, राउटरची जागा आणि यादीतले अनोळखी पाहुणे

प्रश्न : राउटरच्या सेटिंगमध्ये वाय-फायच्या सुरक्षेसाठी डब्ल्यूईपी, डब्ल्यूपीए, डब्ल्यूपीए२, डब्ल्यूपीए३ असे पर्याय आहेत. डब्ल्यूपीए३ निवडलं तर जुना प्रिंटर जोडलाच जात नाही. काय ठेवावं?

उत्तर : आधी ‘डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३’ असा मिश्र पर्याय लावून पाहा. नवे फोन आपोआप डब्ल्यूपीए३ घेतात, जुनी उपकरणं डब्ल्यूपीए२ वर राहतात. काही जुने प्रिंटर मिश्र पर्यायालाही अडखळतात. तसं झालं तर सरळ डब्ल्यूपीए२ ठेवा, मात्र त्यात ‘एईएस’ ही एन्क्रिप्शनची, म्हणजे माहिती सांकेतिक करण्याची, पद्धत निवडा. पासवर्ड दणकट असेल तर घरासाठी ते आजही पुरेसं आहे. ‘टीकेआयपी’ टाळा. ती जुन्या यंत्रांसाठी काढलेली तात्पुरती सोय होती, आणि ती निवडली की बहुतेक राउटर वेगही ५४ एमबीपीएसच्या वर जाऊ देत नाहीत. डब्ल्यूईपीचा विचारच नको. त्यातलं एन्क्रिप्शन कसं मोडता येतं हे २००१ मध्येच उघड झालं, आणि आता त्या कामाला काही मिनिटं लागतात.

प्रिंटर गेस्ट नेटवर्कवर टाकण्याचा सल्ला कुणी दिला असेल तर एक अडचण लक्षात घ्या. गेस्ट नेटवर्क, म्हणजे पाहुण्यांसाठीचं वाय-फाय, मुख्य नेटवर्कपासून वेगळं असतं. प्रिंटर जोडला जाईल, पण लॅपटॉपला तो दिसणार नाही.

प्रश्न : पासवर्ड किमान आठ अक्षरांचा हवा असं राउटर सांगतो. आम्ही मोबाइल नंबर ठेवला आहे, म्हणजे दहा आकडे. पुरेसं आहे ना?

उत्तर : नाही. तुमचा फोन राउटरला जोडला जातो तेव्हा दोघांमध्ये चार संदेशांची देवाणघेवाण होते. पासवर्ड त्यात उघडा जात नाही, पण आसपास बसलेला माणूस हे संदेश टिपून घेऊ शकतो. नंतर आपल्या घरी, आपल्या कॉम्प्युटरवर, एकेक पासवर्ड लावून टिपलेल्या संदेशांशी हिशेब जुळतो का ते तपासत बसतो. राउटरला याचा पत्ताही लागत नाही, त्यामुळे ‘तीन वेळा चुकलं की बंद’ असली रोकटोक इथे चालतच नाही. एक चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला लाखो पासवर्ड तपासतं. आठ आकड्यांचे एकूण पर्याय दहा कोटी, म्हणजे काही मिनिटांचं काम. मोबाइल नंबरात दोन आकडे जास्त असले तरी सुरुवातीचे आकडे ठरावीक असतात, आणि तुमचा नंबर तर ओळखीतल्या सगळ्यांकडे असतो.

डब्ल्यूपीए२ मध्ये ८ ते ६३ अक्षरं चालतात. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द घ्या, ते रोमन लिपीत लिहा, मध्ये एखादा आकडा घाला आणि एकूण लांबी २० च्या पुढे न्या. शब्द मराठी असले तर उत्तमच, फक्त प्रसिद्ध ओळ किंवा म्हण जशीच्या तशी घेऊ नका. चिन्हांचा सोस नको. टीव्हीच्या रिमोटने ती टाइप करताना आपलेच हाल होतात, आणि ताकद चिन्हांपेक्षा लांबीतून जास्त मिळते.

नेटवर्कचं नावही बदला. पासवर्ड आणि नाव मिळून एन्क्रिप्शनची किल्ली तयार होते. कंपनीने दिलेलं नाव हजारो घरांत सारखंच असेल, तर त्या नावासाठी आधीच तयार केलेले तक्ते वापरता येतात.

डब्ल्यूपीए३ मध्ये असं घरी बसून तपासणं जमत नाही, प्रत्येक अंदाज राउटरलाच विचारावा लागतो. म्हणून ज्यांना शक्य आहे त्यांनी ते जरूर घ्यावं.

प्रश्न : नेटवर्कचं नाव लपवलं आणि मॅक अ‍ॅड्रेसची, म्हणजे उपकरणांच्या ओळखक्रमांकांची, यादी लावून तेवढ्यांनाच जोडू दिलं तर?

उत्तर : दोन्हींचा उपयोग जवळपास शून्य. उपकरण जोडलं जाताना नाव हवेत उघडंच जातं. उलट लपवलेलं नेटवर्क शोधण्यासाठी तुमचा फोन बाहेरही त्या नावाने हाका मारत फिरतो. मॅक अ‍ॅड्रेसही एन्क्रिप्ट होत नाही, तो ऐकून नक्कल करता येते. शिवाय आताचे फोन प्रत्येक नेटवर्कला वेगळा, बनावट मॅक अ‍ॅड्रेस देतात. त्यामुळे यादीबाहेर राहायची पाळी घरच्यांवरच येते.

प्रश्न : राउटरच्या यादीत ओळखू न येणारी तीन उपकरणं दिसतात. कुणी घुसलं आहे का?

उत्तर : आधी घरातली मोजा. टीव्ही, घड्याळ, कॅमेरा, स्मार्ट बल्ब हे सगळे विसरले जातात. ‘ईएसपी’ने सुरू होणारं नाव बहुधा स्मार्ट प्लग किंवा बल्बमधल्या चिपचं असतं. मॅक अ‍ॅड्रेसचं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल, तर तो बहुतेक फोनने स्वतः तयार केलेला पत्ता आहे. तरी उलगडा झाला नाही तर शोधत बसू नका, पासवर्ड बदला. सगळे एकदम बाहेर पडतील.

बदलताना लॅपटॉप केबलने राउटरला जोडा, नाहीतर सेव्ह करताच तुमचाच संपर्क तुटेल. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाका. पान उघडलं नाही तर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) ही आज्ञा देऊन ‘डिफॉल्ट गेटवे’समोरचा पत्ता घ्या. तिथे गेल्यावर राउटरच्या पानाचा, म्हणजे अ‍ॅडमिनचा, पासवर्डही बदला. तो वाय-फायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो आणि बहुतेक घरांत कारखान्यातून आला तसाच राहतो. तो हाती लागला तर कुणी डीएनएसचा (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा) पत्ता बदलून तुम्हाला खोट्या संकेतस्थळांवर नेऊ शकतं. बाहेरून राउटर चालवण्याची ‘रिमोट मॅनेजमेंट’ सोय बंद ठेवा आणि फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, अद्ययावत करा.

डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डाऐवजी बटण किंवा पिनने उपकरण जोडण्याची सोय, तीही बंद करा. त्याचा पिन आठ आकडी असला तरी शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो, आणि राउटर पहिले चार व पुढचे तीन वेगवेगळे तपासतो. त्यामुळे १०,००० आणि १,००० मिळून जास्तीत जास्त ११,००० प्रयत्न पुरतात. हा दोष २०११ मध्ये जाहीर झाला. तुमचा पासवर्ड कितीही लांब असो, या मागच्या दाराने तो मिळतो.

प्रश्न : कनेक्शन १०० एमबीपीएसचं, पण आतल्या खोलीत ८ मिळतात. रिपीटर (सिग्नल ऐकून पुढे पाठवणारं यंत्र) घ्यावा का?

उत्तर : आधी केबलने मोजा. तिथेही कमी असेल तर दोष वाय-फायचा नाही. केबलवर ठीक असेल तर राउटर टीव्हीमागून, लोखंडी कपाटातून, फिशटँकजवळून हलवा. धातू लहरी परतवतो, पाणी शोषतं, आणि आरशाच्या मागेही धातूचाच थर असतो. मग फोनवरच्या एखाद्या अ‍ॅपने सिग्नल पाहा. तो डीबीएम या मापात, उणे आकड्यांत दिसतो. उणे ६७ डीबीएमपर्यंत व्हिडिओ कॉल सुरळीत चालतो, उणे ८० च्या खाली तो तुटू लागतो.

वाय-फायच्या लहरींचे दोन मुख्य बँड (पट्टे) आहेत. ५ गिगाहर्ट्झ वेगवान असतं पण भिंतीत लवकर थकतं, २.४ लांब पोचतं पण तिथे गर्दी फार. २.४ वर चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी सर्वांत मोकळं घ्या आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. मधलं ३ किंवा ४ निवडलं तर दोन्हीकडच्या शेजाऱ्यांचा त्रास होतो. फक्त स्वयंपाकाच्या वेळी नेट अडखळत असेल तर मायक्रोवेव्हवर संशय घ्या, तोही २.४ च्याच आसपास चालतो.

एवढं करून भागलं नाही तर रिपीटर. पण एकाच बँडवर ऐकून पुन्हा बोलणारा स्वस्त रिपीटर वेग साधारण निम्मा करतो, आणि जिथे सिग्नल आधीच मेला आहे तिथे ठेवला तर काहीच करत नाही. तो अर्ध्या वाटेवर ठेवावा लागतो. भिंतीतून एक केबल नेता येत असेल तर दुसऱ्या टोकाला तिथून वाय-फाय देणारं यंत्र, म्हणजे अ‍ॅक्सेस पॉइंट लावा. जुना राउटरही चालेल, फक्त त्यातलं डीएचसीपी, म्हणजे उपकरणांना पत्ते वाटण्याचं काम, बंद करा, त्याचा स्वतःचा पत्ता मुख्य राउटरपेक्षा वेगळा ठेवा आणि केबल ‘वॅन’ऐवजी ‘लॅन’च्या खाचेत घाला.