‘ओव्हरॲक्टिंग’ लिहिण्याआधी

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. दुसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी तमिळ सिनेमातले नट शिवाजी गणेशन निवडलास, त्यांच्या पहिल्या चित्रपटातला, ‘पराशक्ति’तला, कोर्टाचा प्रसंग मोबाइलवर पाहिलास आणि वहीत एकच शब्द लिहिलास : ओव्हरॲक्टिंग. तो शब्द खोडू नकोस. शेजारी तारीख घाल. सहा आठवड्यांनी त्याच पानावर परत यायचं आहे.

तुझी सुरुवात चुकली ती एवढ्यासाठी, की सगळ्यांत मोठा आवाज तू सगळ्यांत आधी ऐकलास. ‘पराशक्ति’ 17 ऑक्टोबर 1952ला, दिवाळीत प्रदर्शित झाला तेव्हा हा माणूस 24 वर्षांचा होता. त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं त्याने नाटक कंपनीत काढली होती. जन्म विळुप्पुरमचा, 1928 सालचा. लहानपणी इंग्रजांशी लढलेल्या कट्टबोम्मन या पाळेगाराचं नाटक पाहिलं आणि घर सोडून मुलांच्या कंपनीत दाखल झाला. तिथे सुरुवात स्त्री-भूमिकांपासून. आपल्याकडच्या संगीत नाटक मंडळ्यांविषयी तू वाचलं आहेस, तेव्हा हे वळण तुला नवं नाही. शेवटच्या रांगेतल्या माणसाला ओठ दिसत नाहीत, म्हणून मान, खांदे आणि आवाज यांनीच सगळं पोचवायचं. हे माप घेऊन तो कॅमेऱ्यासमोर उभा राहिला.

त्यात संवाद करुणानिधींचे, म्हणजे पुढे तमिळनाडूचे मुख्यमंत्री झालेल्या लेखकाचे. तमिळ पद्यात दोन बंध असतात : ‘मोनै’ म्हणजे शब्दांचं पहिलं अक्षर जुळणं, ‘एदुगै’ म्हणजे दुसरं अक्षर जुळणं. द्रविड चळवळीच्या वक्त्यांनी ते गद्यात आणले आणि करुणानिधींनी पटकथेत. असं वाक्य सपाट बोललं तर जुळलेली अक्षरं कानाला लागतच नाहीत, म्हणून शब्दाच्या सुरुवातीवर घाव घालावाच लागतो. तुला जो ‘झटका’ खटकला, तो बराचसा लेखनातच आहे. नटाची चूक कुठे सुरू होते आणि लेखकाची मागणी कुठे संपते, हे वेगळं काढता आलं तरच ‘ओव्हरॲक्टिंग’ म्हणायचा हक्क.

आता क्रम. उलटा चाल, म्हणजे म्हातारपणापासून तरुणपणाकडे. आठवड्याला एक चित्रपट : ‘मुदल मरियादै’ (1985), ‘दैव मगन’ (1969), ‘तिल्लाना मोहनांबाळ’ (1968), ‘तिरुविळैयाडल’ (1965), ‘वीरपांडिय कट्टबोम्मन’ (1959), आणि सहाव्या आठवड्यात ‘अंद नाळ’ (1954) व ‘पराशक्ति’ एकत्र. आवाज हळूहळू वाढवत नेल्यासारखं होईल आणि कान तयार होतील.

प्रत्येक चित्रपट एकदा सबटायटल्ससह पूर्ण बघ. मग तीन-चार मिनिटांचा एकच प्रसंग निवड आणि तो तीनदा बघ. पहिल्यांदा पडद्याच्या खालच्या पट्टीवर कागद चिकटवून, कारण सबटायटल्स वाचणारे डोळे खाली अडकतात आणि नटाचे डोळे पाहायचे राहून जातात. नव्वद टक्के चुकीची मतं या पट्टीतून जन्माला येतात असं माझं मत आहे. दुसऱ्यांदा आवाज बंद करून. तिसऱ्यांदा पडद्याकडे पाठ करून फक्त ऐकायचं. वहीत विशेषणं लिहू नकोस. ‘सुंदर’, ‘भेदक’ यांतून काही कळत नाही. ‘तिसऱ्या शब्दानंतर श्वास, मग मान डावीकडे’ असं लिहिलंस तर उपयोग आहे.

‘मुदल मरियादै’ दिग्दर्शक भारतिराजांचा. विग नाही, डोळ्यांत भरेल असा मेकअप नाही. संसारात सुख नसलेला गावातला वडीलधारा माणूस आणि नाव वल्हवणारी तरुण मुलगी. गोल दगड उचलण्याचा प्रसंग निवड आणि चेहरा सोडून गुडघे, पाठ, पावलं बघ. वजन आधी कुठे पोचतं ते शोध. हा चित्रपट पाहून झाल्यावर ‘या माणसाला कमी करता येत नव्हतं’ असं तू लिहिणार नाहीस. येत होतं. कमी मागणारे दिग्दर्शक कमी मिळाले.

‘दैव मगन’मध्ये तीन भूमिका : चेहऱ्यावर डाग असलेला बाप, तसाच डाग असलेला थोरला मुलगा आणि देखणा धाकटा. ऑस्करसाठी भारताकडून पाठवलेला हा पहिला तमिळ चित्रपट, पण प्रकल्पात ते एका ओळीत उरक. काम वेगळं आहे. त्या काळी दुहेरी भूमिकेचं चित्रण करताना कॅमेरा जागेवर घट्ट बांधून भिंगाचा अर्धा भाग झाकत, एक बाजू चित्रित करत, फिल्म मागे फिरवून दुसरी बाजू. नटाने मधली रेघ ओलांडली की हात कापला जाणार. समोर माणूस नाही, फक्त त्याच्या बोलण्याइतकी मोकळी वेळ. हे स्वतः करून बघ. मोबाइल तिपाईवर ठेव, दहा ओळींचा बाप-मुलाचा संवाद दोन्ही बाजूंनी चित्रित कर आणि जोड. पहिल्या खेपेला दोन गोष्टी हमखास बिघडतील : नजर समोरच्याच्या डोळ्यांऐवजी कपाळाच्या वर जाईल आणि उत्तरं लवकर येतील. नजरेसाठी भिंतीवर टिकली लाव. वेळेसाठी समोरच्याचं वाक्य मनात पूर्ण म्हण, आकडे मोजू नकोस. मोजणाऱ्याचा चेहरा मोजणाऱ्यासारखाच दिसतो. मग परत चित्रपटाकडे जा. डाग दोघांनाही, चेहरा एकच, तरी बाप कोण आणि मुलगा कोण हे तुला पाठमोऱ्या आकृतीवरून कळतं का ते बघ.

‘तिल्लाना मोहनांबाळ’मध्ये तो नादस्वरम वाजवणारा षण्मुगसुंदरम आहे. प्रत्यक्ष वादन एम. पी. एन. सेतुरामन आणि पोन्नुसामी या भावांचं. नादस्वरम आपल्या सनईच्या घरातलंच, पण बरंच लांब आणि दमछाक करणारं. खोटं वाजवणारा नट नेहमी बोटांनी पकडला जातो असं लोक समजतात. तो आधी श्वासाने पकडला जातो. स्वरावली सुरू झाल्यावर छाती भरली तर खेळ संपला; ती आधी भरलेली हवी. दोन मिनिटं आवाज बंद करून गाल, गळ्याच्या शिरा आणि खांदे कधी हलतात त्याची नोंद कर, मग आवाज लावून ताडून बघ. ‘नलंदाना’ या गाण्यात तर तो जखमी आहे. वादन, वेदना आणि समोर नाचणाऱ्या नायिकेकडे, पद्मिनीकडे, जाणारी नजर, तिन्ही एकाच वेळी चालू. एका वेळी एकच पाहायचं ठरवलंस तर तीन फेऱ्या लागतील.

‘तिरुविळैयाडल’मध्ये सगळे ‘पाट्टुम नाने’ हे गाणं दाखवतात, ज्यात शिव स्वतःच गातो आणि स्वतःच वीणा, मृदंग, बासरी वाजवतो. तू धरुमीचा प्रसंग घे. गरीब कवी धरुमीच्या भूमिकेत नागेश आहेत आणि प्रसंग त्यांनीच खाल्लेला आहे. तू नागेशकडे अजिबात पाहायचं नाहीस. अवघड जाईल. शिवाजी नुसते ऐकतात, किती ऐकतात, कुठे प्रश्न मध्येच न तोडता थांबतात, तेवढंच बघ. मोठ्या आवाजाचा म्हणून ओळखला जाणारा नट दुसऱ्याला जागा कशी करून देतो, ते इथे दिसतं.

‘कट्टबोम्मन’ हा माझ्या मते तुझ्या प्रकल्पाचा गाभा. सिनेमा होण्याआधी हे नाटक शिवाजींच्या स्वतःच्या मंडळीने रंगमंचावर केलं होतं, त्यामुळे प्रत्येक श्वासाची जागा आधीच मुरलेली होती. 1960मध्ये कैरोच्या आफ्रो-आशियाई महोत्सवात याच भूमिकेसाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. इंग्रज अधिकारी जॅक्सन सारा मागतो तो प्रसंग घे. त्यातला ‘किस्ती’ हा शब्द तुला लगेच ओळखू येईल. आपली ‘किस्त’ आणि मोडी कागदांतली ‘किस्तबंदी’ तीच. कट्टबोम्मन उलट विचारतो : आमच्याबरोबर शेतात आलास का, रोपं लावलीस का? प्रत्येक प्रश्न ‘आया’ या प्रश्नार्थक शेपटीवर संपतो. प्रश्न एकसारखे, म्हणून धोका मोठा. शिकाऊ नट पहिल्याच प्रश्नाला वरच्या पट्टीत जातो आणि चौथ्याला ओरडण्यापलीकडे काही उरत नाही. कागदावर प्रश्न ओळीने मांड, श्वास घेतला तिथे तिरकी रेघ मार, आवाज चढला तिथे बाण. मग बाण मोज. तुला वाटतात त्यापेक्षा ते कमी निघतील, कारण बरीचशी चढण आवाजाची नसून वेगाची आहे.

हे सरावात आणताना तमिळ ओळी पाठ करू नकोस. मराठीतलं शंभर-सव्वाशे शब्दांचं स्वगत घे, तशाच रेघा मार, आणि एक मीटर व दहा मीटर अंतरावर एकेक मोबाइल ठेवून रेकॉर्ड कर. दूरच्या ध्वनिमुद्रणात वाक्यांचे शेवट गायब झाले असतील, तर ताकद सुरुवातीलाच खर्च झाली आहे. जवळच्यात घरघर ऐकू आली, तर तू घशातून दाबतो आहेस असं समज आणि त्या दिवशी थांब. त्यांच्या आवाजाची नक्कल करणाऱ्यांचं हेच होतं : खर्ज छातीतून न येता घशातून ओढला जातो, गाल थरथरवले जातात आणि हाती मिमिक्री उरते.

उच्चारांबद्दल थोडं, कारण तोंडी परीक्षेत नावं घ्यावी लागतील. तमिळ लिपीत ख, घ, भ यांना वेगळी अक्षरं नाहीत. ऱ्हस्व-दीर्घ मात्र काटेकोर : ‘कल्’ म्हणजे दगड, ‘काल्’ म्हणजे पाय. ऱ्हस्व ए आणि ओ आपल्या कानाला वेगळे लागत नाहीत, तमिळ माणसाला लागतात.

चरित्राचा भाग दोन पानांच्या वर नेऊ नकोस. नावाची गोष्ट मात्र घे. गणेशन या तरुणाने द्रविड चळवळीचे नेते अण्णादुराई यांच्या ‘शिवाजी कंड हिंदू राज्यम’ या नाटकात शिवाजी महाराजांची भूमिका केली, गागाभट्ट खुद्द अण्णादुराई झाले होते, आणि त्याच चळवळीचे ज्येष्ठ नेते पेरियार यांनी त्याला ‘शिवाजी’ ही उपाधी दिली. छत्रपतींच्या राज्याभिषेकाचा प्रश्न तमिळ ब्राह्मणेतर चळवळीने स्वतःसाठी कसा वापरला, हे मराठी वाचकाला सांगण्यासारखं आहे. भूमिका आधी नट एम. जी. रामचंद्रन (एम.जी.आर.) करणार होते, हेही लिही.

‘नवरात्रि’बद्दल सावध राहा. नऊ रस, नऊ भूमिका, शंभरावा चित्रपट. ‘नया दिन नई रात’मध्ये संजीव कुमारने केलेल्या त्याच. आकड्यांनी माणूस भारावतो. नऊपैकी सगळ्या सारख्या उतरलेल्या नाहीत. कुष्ठरोगी आणि नाटकातला नट या दोघांना शेजारी ठेवून तुलना कर, बाकीच्यांत वेळ घालवू नकोस. व्यवसायाची बाजू अधिक बोलकी आहे : 3 नोव्हेंबर 1964ला ‘नवरात्रि’ आणि दिग्दर्शक बी. आर. पंतुलूंचा ‘मुरडन मुत्तु’ हे शिवाजींचे दोन चित्रपट एकाच दिवशी लागले आणि शंभरावा कोणता यावरून पंतुलूंचं मन दुखावलं. ‘कट्टबोम्मन’ आणि ‘कर्णन’ करणारे पंतुलू त्यानंतर एम.जी.आर.कडे गेले. उलट बाजूला निर्माते पी. ए. पेरुमाळ. ‘पराशक्ति’च्या वेळी हा मुलगा नको असं स्टुडिओतून दडपण असताना ते हटले नाहीत, आणि शिवाजी पुढे दर पोंगलला त्यांच्याकडे जात राहिले.

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धातले बरेच चित्रपट सरळ सोड. विग, तरुण नायिका आणि सवयीचा आवाज. त्यातला एक बघच, नाहीतर तू भक्त होशील. राजकारणही एका परिच्छेदात : 1988मध्ये स्वतःचा पक्ष, 1989मध्ये तिरुवैयारूत निवडणुकीत पराभव. पुरस्कारांच्या यादीत फाळके पुरस्कार असेल. राष्ट्रीय पुरस्कारांतला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा मान कधीच मिळाला नाही, हेही त्याच ओळीत असू दे.

पहिल्या आठवड्याची नोंद रविवारपर्यंत पाठव. दगडाचा प्रसंग, तीन फेऱ्या, फक्त क्रियापदं. फोटो काढताना वहीचं पान सपाट ठेव, मागच्या वेळी डावीकडचा समास वाचताच आला नाही.

आशीर्वाद.