नानखटाई पसरते? आधी तूप बघा

ताई, निपाणीच्या एप्रिलात नानखटाई पसरली तर हात बिघडला असं समजू नका. लोणी ३२ ते ३५ अंशांना वितळतं, आणि तुमच्या स्वयंपाकघरात दुपारी तेवढी उष्णता असतेच. सुरुवातीला एवढंच सांभाळा:

- तूप घट्ट, रवाळ हवं. पातळ तुपात साखर फेसताना हवा धरली जात नाही, मग खुसखुशीतपणा कुठून येणार? मळलेला गोळा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा.
- लोण्याऐवजी तूप तेवढंच घालू नका. बटरमध्ये स्निग्धांश सुमारे ८० टक्के, बाकी बहुतेक पाणी. तूप जवळजवळ निव्वळ स्निग्ध. १०० ग्रॅम बटरला ८० ग्रॅम तूप पुरे, पीठ कोरडं वाटलं तर चमचाभर दूध.
- केकला मात्र तेल उत्तम, थंडीतही मऊ राहतो.

टिकाऊपणाचं म्हणाल तर सूर्यफुलाचं तेल तुपापेक्षा लवकर खवट होतं. महिनाभर ठेवायची बिस्किटं तुपातच करा, पूर्ण गार झाल्यावर घट्ट डब्यात भरा. खानापूरकडच्या पावसात तर हे फारच जपावं लागतं.

वनस्पती, मार्जरीन वगैरे नंतर बघू. या रविवारी छोटा घाणा काढा आणि कशी झाली ते नक्की कळवा.