गोठा एका रात्रीत उभा करू नका

प्रश्न : आम्ही मूळचे वसईचे, नोकरीनिमित्त पुण्यात वडगाव शेरीला राहतो. मुलगी पाच वर्षांची आणि मुलगा दीड वर्षाचा आहे. दरवर्षी नाताळची सारी तयारी शेवटच्या दोन दिवसांत, मुले झोपल्यावर उरकावी लागते. यंदा ती लवकर सुरू करावी आणि थंडीतले रविवार मुलांसोबत बाहेर घालवावेत, असे आम्हा दोघांना वाटते. मात्र नाताळला आमच्याकडे येणाऱ्या सासूबाईंच्या मते आगमनकाळात सजावट करणे योग्य नाही. त्यांचे मन न दुखावता हे कसे जमवावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : सासूबाईंचे म्हणणे परंपरेला धरूनच आहे. नाताळपूर्वीच्या चार रविवारांपासून मोजला जाणारा आगमनकाळ हा वाट पाहण्याचा काळ आहे; म्हणूनच त्या रविवारांच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधील उपासनेत, गौरवगीत गायले जात नाही आणि तिसऱ्या रविवारची गुलाबी छटा सोडली, तर धर्मगुरूंची वस्त्रेही जांभळीच असतात. पण वाट पाहणे म्हणजे हात बांधून बसणे नव्हे. झाड, माळा आणि रोषणाई एकदम लावून पहिल्या डिसेंबरलाच नाताळ साजरा करून टाकण्याची जी पद्धत मोठ्या दुकानांनी रूढ केली आहे, तिला माझाही विरोध आहे. तुम्ही मात्र गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, दर रविवारी थोडा थोडा उभारलात, तर सासूबाईंना आक्षेप घ्यायला जागा उरणार नाही. पहिल्या रविवारी केवळ आकाशकंदिलासारखा कागदी तारा खिडकीत टांगा आणि दर रविवारी एक अशा पेटवायच्या चार मेणबत्त्यांपैकी पहिली पेटवा.

संत फ्रान्सिस असिसीकरांनी १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो या गावी गोठ्याचा देखावा उभारला, तेव्हा त्यात खरे बैल, खरे गाढव आणि खरे गवत होते. बैल तुमच्या सदनिकेत मावणार नाही, गवत मात्र सहज मावेल. साधारण १३-१४ डिसेंबरला गहू किंवा नाचणी रात्रभर भिजवून, पसरट ताटलीत मातीचा बोटभर थर देऊन त्यावर दाट पसरावी, वर ओले फडके टाकावे आणि मोड रुजले की फडके काढून ताटली उजेडात ठेवावी. गहू भराभर वाढतो, नाचणीचे गवत अधिक नाजूक दिसते. पुण्याच्या थंडीत उगवायला एखाद-दोन दिवस जास्त लागतात, हे ध्यानात ठेवावे. पाणी शिंपडण्याचे काम पूर्णपणे मुलीकडे सोपवा आणि तिने चार वेळा पाणी घालून ताटलीत तळे केले, तर ते मुकाट्याने निथळून टाका. बाळ येशूची मूर्ती सासूबाईंकडेच राहू द्या. २४ तारखेच्या रात्री ती त्यांनीच गव्हाणीत ठेवावी, तोवर गव्हाण रिकामी असावी.

फिरण्याचे म्हणाल, तर दीड वर्षाच्या मुलाला घेऊन भिगवणला पक्षी पाहायला जाण्याचा मोह यंदा आवरावा. तिथे पहाटे पोहोचण्यात आणि नावेत बसण्यात गंमत असली, तरी पाण्यावरची थंडी लहानग्याला झेपणारी नसते. शिवाय रोहित पक्ष्यांचे मोठे थवे बहुधा जानेवारीनंतरच दिसतात. त्यापेक्षा ८ डिसेंबरच्या आसपासच्या रविवारी नाना पेठेतील सिटी चर्चमध्ये मिस्सेला जावे. सवाई माधवराव पेशव्यांनी १७९२ साली दिलेल्या जागेवर, पेशव्यांच्या सैन्यातील कॅथलिक शिपायांसाठी या चर्चची सुरुवात झाली आणि ८ डिसेंबर हा त्याचा सण. तिथून कॅम्पात जाऊन गोठ्यासाठी एखादे मेंढरू मुलीला निवडू द्यावे. एकच, बाकीची पुढच्या वर्षी.

एखाद्या शनिवार-रविवारी वसईला जाता आले, तर किल्ल्यात ऊन चढण्याआधी पोहोचा. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये जिंकलेल्या या किल्ल्यातील पोर्तुगीज चर्चच्या पडक्या भिंतींमध्ये मुलांना धावायला भरपूर जागा आहे. जुन्या जिन्यांकडे मात्र फिरकू देऊ नये. परतताना राजेळी केळ्यांची सुकेळी घ्यायला विसरू नका, कारण दिवाळीत शेजाऱ्यांकडून आलेल्या फराळाचे डबे अजून तुमच्याकडे असणार आणि ते रिकामे परत करता येणार नाहीत.

कुसवाराचे, म्हणजे नाताळच्या फराळाचे, सगळे प्रकार घरीच करण्याचा अट्टाहास नसावा. बेबिंका विकत आणावी. थरावर थर भाजत उभे राहण्याइतका वेळ नोकरी करणाऱ्या माणसाकडे नसतो. कलकल मात्र घरीच करावेत, कारण ते मुलांच्याच हाताचे काम आहे. नारळाच्या दुधात मळलेल्या पिठाची सुपारीएवढी गोळी काट्याच्या पाठीवर दाबून पसरवायची आणि कडेपासून गुंडाळायची, की शिंपल्यासारख्या रेषा उठतात. मुलीचे निम्मे कलकल उलगडतील, तेही तळावेत. पाकात घोळवलेले कलकल हवाबंद डब्यात चांगले टिकत असल्याने हे काम २० तारखेपूर्वीच उरकता येते.

सण २५ तारखेला संपत नाही, हेही सासूबाईंना रुचेल. बाळ येशूच्या भेटीला आलेल्या तीन राजांच्या मूर्ती गोठ्यात लगेच न मांडता घराच्या दुसऱ्या टोकाला ठेवाव्यात आणि ६ जानेवारीपर्यंत, म्हणजे त्यांच्या सणापर्यंत, मुलीने त्या रोज थोड्या पुढे सरकवाव्यात. धाकटा सापडेल ते तोंडात घालण्याच्या वयाचा असल्यामुळे राजांचा हा प्रवास वरच्या फळीवरूनच झालेला बरा.